जुन्या गाडीचे नट-बोल्ट: ओळखायचे कसे, मिळवायचे कुठून

ऑगस्ट 2019 च्या महापुरात माझ्या काकांची ॲम्बॅसेडर शाहूपुरीत पाण्यात उभी राहिली. मार्क टू, 1970 च्या दशकाच्या सुरुवातीची. पाणी ओसरल्यावर चिखल धुतला, सीट उन्हात टाकल्या, इंजिन उघडून वाळवलं. हे सगळं महिन्याभरात उरकलं. नट-बोल्टांचं काम मात्र दोन वर्षं पुरलं. काही गंजून एकजीव झालेले, काहींचं डोकं पाना लावताच गोल होणारं, काही निम्म्यात तुटून आत राहणारे. पण काढणं त्यातल्या त्यात सोपं. त्याच्या जागी योग्य तो नवा बोल्ट आणणं ही खरी परीक्षा.

कोल्हापुरात बोल्टांचा तोटा नाही. शिवाजी उद्यमनगरात लेथ आणि हार्डवेअरची दुकानं शेजारी शेजारी, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या आणि मशीन शॉप, लक्ष्मीपुरीत किलोवर नट-बोल्ट. जुना बोल्ट काउंटरवर ठेवून ‘हा असाच द्या’ म्हटलं की दुकानदार पेटीतून एक काढतो, जुना नट त्यावर दोन फेरे फिरवतो आणि म्हणतो, ‘बसतोय की!’ जुन्या गाड्यांचं निम्मं नुकसान या दोन शब्दांनी झालंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचंच उदाहरण सांगतो. पुराच्या बरंच आधी गाडीच्या डायनॅमोच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या, पट्टीचा बोल्ट कुठेतरी पडला. गॅरेजवाल्यानं हातात आला तो 8 मिलिमीटरचा बोल्ट घातला. दोन फेरे हातानं गेला, पुढचे पान्यानं रेटले. भोक होतं पाच सोळांश इंची, म्हणजे 7.94 मिलिमीटरचं. फरक कागदाच्या जाडीएवढा. पण डायनॅमोचं तोंड ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादाचा. रेटलेल्या बोल्टानं आतले आटे खरवडून काढले. काही दिवसांनी राधानगरी रस्त्यावर डायनॅमो सैल झाला, पट्टा ढिला पडला. या इंजिनात डायनॅमो आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर चालतात. चार्जिंगचा दिवा लागेपर्यंत इंजिन तापून वाफ यायला लागली होती. काका वेळीच थांबले म्हणून इंजिनचं हेड वाचलं.

म्हणून आधी बोल्ट म्हणजे काय ते बघू. बोल्टाची जाडी ही फक्त एक खूण. दुसरी खूण आट्यांची दाटी, म्हणजे एका इंचात किती आटे, किंवा एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंत किती मिलिमीटर. तिसरी खूण आट्याचा कोन, म्हणजे दोन आट्यांमधली खाच किती अंशांची आहे. चौथी खूण पोलादाची ताकद. चारही जुळल्या तर तो तोच बोल्ट. एक जरी चुकली तरी तो नुसता बसलेला बोल्ट.

एवढे प्रकार झाले कसे? 1841 पूर्वी इंग्लंडातल्या प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टाला लागायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी त्या वर्षी 55 अंशांच्या कोनाचं एक ठरावीक माप सुचवलं. तेच बीएसडब्ल्यू, आपल्याकडचे जुने मिस्त्री ज्याला नुसतं ‘व्हिटवर्थ’ म्हणतात. पुढे त्याचाच बारीक आट्यांचा भाऊ बीएसएफ आला. अमेरिकेनं स्वतःचा 60 अंशांचा आटा काढला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकी यंत्रांचे सुटे भाग एकमेकांना लागेनात आणि दोन्हीकडच्या सैन्यांची अडचण झाली. युद्धानंतर ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडानं मिळून एकच माप मान्य केलं. त्याला युनिफाइड म्हणतात. जाड आट्यांचं ते यूएनसी, बारीक आट्यांचं ते यूएनएफ. युरोप आधीपासूनच मिलिमीटरवर होता. त्याचाही कोन 60 अंश.

आपल्या जुन्या गाड्या या वेगवेगळ्या घरच्या लेकी. ॲम्बॅसेडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज थ्री, 1950 च्या दशकातली ब्रिटिश गाडी, त्यामुळे तिच्यात बहुतेक यूएनएफ आणि यूएनसी. स्टँडर्ड हेराल्डचंही तेच. प्रीमियर पद्मिनी म्हणजे इटलीची फियाट 1100, तिचे आटे मेट्रिक. महिंद्राची जुनी जीप विलीजच्या घराण्यातली, म्हणून तिथे अमेरिकी इंची आटे. जुन्या विलीजच्या डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, हेही ध्यानात ठेवा. सोडवायचे म्हणून आवळत राहिलात तर स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो दांडा, तुटतो.

एकाच गाडीत मिश्रणही सापडतं. 1990 च्या दशकात ॲम्बॅसेडरला इसुझूचं 1800 सीसी इंजिन बसलं. ते मेट्रिक, पण बॉडी आणि सस्पेन्शन जुन्या घडणीचं, इंची. एकाच गाडीसाठी पान्यांचे दोन संच लागतात. लुकास या ब्रिटिश कंपनीच्या विजेच्या सामानात आणि मीटरच्या मागे बीए नावाचे बारीक आटे भेटतात, त्यांचा कोन साडेसत्तेचाळीस अंश. जुन्या एमजी आणि मॉरिसच्या काही इंजिनांची तऱ्हा तर आणखी वेगळी. मॉरिसनं 1923 मध्ये हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कॉव्हेंट्रीतला इंजिन कारखाना घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडायची. ब्रिटिश मिस्त्र्यांच्या हातात पाने व्हिटवर्थचे. म्हणून आटे मेट्रिक ठेवले आणि डोकी व्हिटवर्थ पान्याच्या मापाची केली. असा बोल्ट हातात आला तर डोक्यावरून काही ठरवू नका.

आता मोजायचं कसं. लागणारी हत्यारं तीनच: व्हर्नियर (बारीक जाडी मोजायची पट्टी), थ्रेड गेज आणि तारेचा ब्रश. थ्रेड गेज म्हणजे करवतीसारखे दात असलेल्या पातळ पट्ट्यांचा जुडगा. त्यात मेट्रिकचा वेगळा आणि व्हिटवर्थचा वेगळा येतो, दोन्ही घ्या. बोल्ट आधी ब्रशनं लख्ख घासा, कारण आट्यात बसलेला गंज गेजला फसवतो. मापही डोक्याजवळच्या, कमी झिजलेल्या आट्यांवर घ्या.

व्हर्नियरवर समजा 7.85 मिलिमीटर आलं. हा 8 मिलिमीटरचा बोल्ट की पाच सोळांश इंची? इथे बहुतेकांची गल्लत होते. बोल्ट नावाच्या मापापेक्षा नेहमी थोडा बारीकच बनवतात, नाहीतर नट फिरणारच नाही. कारखान्यातून आलेला कोराकरकरीत 8 चा बोल्टसुद्धा 7.8 ते 7.95 च्या आसपास भरतो आणि पाच सोळांशही साधारण त्याच पट्ट्यात येतो. म्हणजे व्हर्नियर या दोघांत निवाडा करूच शकत नाही. तो करतात आटे. अर्धा इंच मोजून खूण करा आणि तेवढ्यात आटे किती ते मोजा. बारा आले तर यूएनएफ. नऊ आले तर यूएनसी किंवा बीएसडब्ल्यू. अकरा म्हणजे बीएसएफ. दहाच्या किंचित वर भरले तर तो 8 मिलिमीटरचा नेहमीचा सव्वाचा आटा, म्हणजे दर आट्याला 1.25 मिलिमीटर.

नऊ आल्यावर एक पेच उरतो. पाच सोळांशाला यूएनसी आणि बीएसडब्ल्यू दोन्हींचे आटे इंचाला 18 च. पाव इंचाला दोन्हींचे 20, तीन अष्टमांशाला दोन्हींचे 16. एकाचा नट दुसऱ्यावर शेवटपर्यंत फिरतो. फरक कोनाचा, 55 आणि 60. नट आवळल्यावर आट्याची पूर्ण कड टेकत नाही, थोडीशीच धार टेकते. नंबर प्लेटच्या स्क्रूला हे चालून जाईल. थरथरणाऱ्या इंजिनावर अशी जोडी सैल होते. इथे गेजची पट्टी आट्यात बसवून बोल्ट उजेडासमोर धरा. दात आणि आटा यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली तर तो कोन त्याचा नव्हे. अर्ध्या इंची बोल्टाला मात्र हा घोळ नाही, तिथे यूएनसीला 13 आणि बीएसडब्ल्यूला 12 आटे असतात.

पान्याबद्दल दोन शब्द. यूएनएफच्या पान्यावर लिहिलेलं माप डोक्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधलं असतं. व्हिटवर्थच्या पान्यावर लिहिलेलं माप बोल्टाच्या दांड्याचं असतं, म्हणून पाच सोळांशाचा व्हिटवर्थ पाना दिसायला चांगला मोठा दिसतो. पाच सोळांश यूएनएफ बोल्टाचं डोकं अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्याला 13 चा पाना लागतो, पण सैल लागतो आणि गंजलेल्या डोक्याचे कोपरे तिथेच उडतात. तीन अष्टमांशाच्या डोक्याला 14 चा पाना जात नाही आणि 15 चा खुळखुळतो. नऊ सोळांशाची गोटी (सॉकेट) विकत घ्या, पैसे वसूल होतील.

ब्रेकच्या पाइपांबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे चूक जिवावर बेतते. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांत ब्रेक पाइपचा नट बऱ्याचदा तीन अष्टमांश यूएनएफ असतो: जाडी 9.5 मिलिमीटर, एका आट्याचं अंतर 1.06. मेट्रिक गाड्यांत त्याच्याच रूपाचा 10 मिलिमीटरचा, दर आट्याला 1 मिलिमीटरचा नट असतो. इंची नट मेट्रिक भोकात घातला तर आत जातो, थोडा हलतो, पण जातो. आवळल्यावर घट्टही वाटतो. प्रत्यक्षात आटे टोकाटोकाला धरलेले असतात. पेडल जोरात दाबलं की आत दाब वाढतो आणि नेमक्या गरजेच्या क्षणी तो नट आटे सोलून बाहेर येऊ शकतो. गाडीत दुसऱ्या कुणाचा मास्टर सिलिंडर किंवा नवा पाइप बसवला असेल तर प्रत्येक जोड उघडून दोन्ही बाजूंचे आटे मोजा. मी काकांच्या गाडीचे सगळे जोड मोजले, त्यात एक संध्याकाळ गेली.

बसणं जुळलं, आता ताकद. बोल्टाच्या डोक्यावर 8.8 लिहिलेलं असतं, ते वाचायला सोपं आहे. पहिल्या आकड्याला 100 नं गुणा: 800 मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण आला की तुटायचा. टिंबानंतरचा 8 सांगतो की त्याच्या 80 टक्क्यांवर, म्हणजे 640 ला, तो कायमचा ताणला जाऊ लागतो. किलोवर मिळणारा साधा बोल्ट बहुधा 4.6 चा, म्हणजे 400 आणि 240. तुमच्या लोखंडी गेटाला तो उत्तम, स्टिअरिंगला नाही. अमेरिकी पद्धतीच्या इंची बोल्टावर आकडे नसतात, रेघा असतात. तीन रेघा म्हणजे ग्रेड फाइव्ह, साधारण 8.8 च्या तोडीचा. सहा रेघा म्हणजे ग्रेड एट, साधारण 10.9 च्या तोडीचा. ब्रिटिश बनावटीच्या जुन्या युनिफाइड बोल्टाच्या डोक्यावर गोल खळगी किंवा बाजूवर एकमेकांना लागून तीन वर्तुळं दिसतात. तशी खूण दिसली की आटे यूएनएफ किंवा यूएनसी, हे पक्कं. आकड्याबरोबर बनवणाऱ्याची खूणही हवी. टीव्हीएस, एलपीएस, अनब्राको अशी अक्षरं डोक्यावर उमटवलेली असतात. नुसतं 8.8 आहे आणि खूण कुणाचीच नाही, असा बोल्ट मी घेत नाही.

चकाकतात म्हणून स्टेनलेसचे बोल्ट सगळीकडे घालायचा मोह होतो. नेहमी मिळणारा ए2-70 स्टेनलेस 700 ला तुटतो, पण 450 लाच ताणला जातो, म्हणजे 8.8 पेक्षा बराच कमजोर. शिवाय स्टेनलेसवर स्टेनलेस नट कोरडा आवळला तर दोन्ही एकमेकांना चिकटून बसतात. नंबर प्लेटला, मडगार्डच्या कडेला जरूर वापरा. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि सीटबेल्टला नको.

लांबीचं मापही नीट सांगावं लागतं. डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजायचं. चपटं बुडणारं डोकं असेल तर डोक्यासकट. आणि दांड्यावर आटे किती लांब आहेत ते बघा. जिथे दोन पत्रे किंवा दोन ब्रॅकेट एकमेकांवर सरकायला बघतात, तिथे त्या सांध्यात बोल्टाचा गुळगुळीत दांडा यायला हवा. आट्याची खाच तिथे आली तर जाडी कमी पडते आणि बोल्ट त्याच खाचेतून चिरतो. पूर्ण आट्यांचा बोल्ट कापून घातला की नेमकं हेच होतं.

आता दुकानात जायचं. उद्यमनगरातल्या जुन्या माणसांची भाषा सुतांची आहे. एक इंच म्हणजे आठ सूत. पाव इंच म्हणजे दोन सुती, पाच सोळांश अडीच सुती, तीन अष्टमांश तीन सुती, अर्धा इंच चार सुती. देश मेट्रिकवर येऊन साठ-पासष्ट वर्षं झाली तरी ही बोली जिवंत आहे आणि जुन्या गाडीसाठी ती वरदान आहे. मी मागणी अशी सांगतो: ‘काका, तीन सुती, बारीक आटे, इंचाला चोवीस, हाय टेन्साईल, दीड इंच, दांडा अर्धा सपाट.’ एवढं ऐकलं की काउंटरमागचा माणूस चष्मा लावून आतल्या खोलीत जातो. नुसतं ‘ॲम्बॅसेडरचा बोल्ट’ म्हटलं असतं तर तो पुढच्याच पेटीत हात घालणार होता.

एक पत्ता फार कमी लोकांना सुचतो: ट्रॅक्टरच्या स्पेअरची दुकानं. मॅसी फर्ग्युसनचे जुने मॉडेल मूळचे ब्रिटिश घडणीचे, त्यांत यूएनएफ आणि यूएनसी बोल्ट भरपूर. आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर गावोगाव आहेत, म्हणून हा माल कोल्हापुरात अजून हलतो. त्यांना ताकद लागतेच, त्यामुळे तिथे हाय टेन्साईल मिळायची शक्यता जास्त. काकांच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडणीचे नट-बोल्ट तिथूनच आले. तिथेही नाही मिळालं तर मुंबईची नागदेवी स्ट्रीट. रात्रीच्या गाडीनं जायचं, दिवसभर गल्ली पालथी घालायची आणि रात्री परत. जाताना नमुना बरोबर हवाच, फोटोवर बोल्ट कुणी देऊ शकत नाही.

कुठेच मिळाला नाही तर लेथवर करून घेता येतो, आपल्या गावात तर सहज. पण त्याला मर्यादा आहे. कारखान्यात बोल्टाचे आटे दाबून उमटवतात, त्यामुळे पोलादाचा कण आट्याच्या वळणानं वाकतो. लेथवर आटे कापले की तो कण मध्येच तुटतो आणि वारंवार हादरे बसल्यावर चीर तिथूनच सुरू होते. शिवाय मिस्त्री साधारणपणे ईएन8 या जातीच्या पोलादाचा बार घेतात. तो नॉर्मलाइज केलेल्या, म्हणजे तापवून हवेत गार केलेल्या, अवस्थेत 550 च्या आसपासच भरतो, 8.8 च्या खूप खाली. करूनच घ्यायचा असेल तर उष्णता दिलेला ईएन24 मागा आणि डोक्याखालचा कोपरा धारदार न ठेवता गोल ठेवायला सांगा. कनेक्टिंग रॉडचे बोल्ट मात्र लेथवर कधीच नकोत.

डायनॅमोचं खरवडलेलं भोक आम्ही हेलिकॉइलनं वाचवलं. भोक थोडं मोठं करून त्यात नवे आटे पाडतात आणि पोलादी तारेची गुंडाळी आत बसवतात. गुंडाळीच्या आत पुन्हा मूळचं पाच सोळांशाचं माप मिळतं. ॲल्युमिनियममध्ये ही दुरुस्ती मूळच्यापेक्षाही टिकाऊ ठरते. ती करताना काका बाजूला उभे होते. नवा बोल्ट बोटांनी शेवटच्या आट्यापर्यंत गेला आणि मगच पाना हातात घेतला. हीच माझी शेवटची तपासणी असते: स्वच्छ, एक थेंब तेल लावलेला बोल्ट नुसत्या बोटांनी तळापर्यंत गेला पाहिजे आणि जाताना डुगडुगला नाही पाहिजे.

जुने बोल्ट सरसकट टाकूही नका. डोक्यावर मूळ खूण असलेले, आटे शाबूत असलेले बोल्ट बॉनेटखाली दिसणाऱ्या हलक्या जागी पुन्हा लावले की गाडीचा चेहरा खरा राहतो. त्यांना झिंक प्लेटिंग करून आणता येतं, फक्त 10.9 आणि त्याहून कडक बोल्ट प्लेटिंगला देताना सांभाळा. ॲसिडच्या टाकीत पोलादात हायड्रोजन शिरतो आणि कडक बोल्ट काचेसारखा ठिसूळ होतो. वरून काही दिसत नाही, आवळल्यावर काही तासांनी डोकं आपोआप उडतं. प्लेटिंगनंतर लगेच 200 अंशांच्या आसपास भट्टीत काही तास ठेवणार का, असं विचारा. उत्तर नाही आलं तर कडक बोल्ट नवाच, कारखान्यातून लेप लावून आलेला घ्या. नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेले) नट आणि स्प्लिट पिना मात्र प्रत्येक वेळी नव्या.

आणि सुरुवातीलाच करायचं एक काम शेवटी सांगतोय. सोडवलेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोक पाडून त्याच क्रमानं खोचा, शेजारी पेननं जागा, जाडी आणि आटे लिहा. आमच्या माळ्यावर असे चौदा पुठ्ठे आहेत. त्यातल्या तेराव्यावर, मीटरच्या मागच्या पट्टीजवळ, बरेच महिने एक भोक रिकामं होतं: पितळी टू बीए नट, 4.7 मिलिमीटरचा. 5 मिलिमीटरचा नट त्या स्टडवर नुसता डुगडुगायचा. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या बिस्किटाच्या डब्यात तो सापडला. त्यांनी टेबलावर पालथा केलेल्या ढिगातून मी एकेक नट स्टडवर फिरवून पाहत होतो. सातवा, काळपट पडलेला, बोटानं सरसर शेवटपर्यंत गेला.